साडेअकरावर पडलेला वासा

बालकोरी,
मंगळवार, २ जून

प्रिय टॉर्किल,

तू खुशाल असशील. बाबा आणि मी, दोघंही बरे आहोत.

आधी एक दुरुस्ती. तुझ्या कार्डावर एकच प्रश्न होता, खेळांतला वासा आता किती लांब आहे, आणि मागच्या पत्रात मी अठरा फूट असं उत्तर दिलं. ते चूक आहे. वासा सोळा फूट आठ इंच आहे. मी जुन्या कार्यक्रमपत्रिकेवरून आकडा उतरवला होता, स्वतः मोजला नव्हता. रविवारी फीत घेऊन गेले आणि तीनदा मोजला. तिन्ही वेळा सोळा आठ.

आता बातम्या, कारण त्या इतक्या साचल्यात की रात्री डोळा लागत नाही, आणि या वेळी तरी काळजीने नव्हे. टॉर्किल, खेळ खरंच होणार आहेत. अकरा वर्षांनंतर, शनिवारी, २५ जुलैला, नदीकाठच्या आपल्या त्याच कुरणात. मागचं पत्र लिहिलं तेव्हा 'होतील बहुतेक' अशी स्थिती होती. आता तंबू सांगून झालेत, तीन गावांचे बॅगपाइपवाले येणार आहेत, डोंगरशर्यतीला चौतीस नावं आली आहेत आणि रस्सीखेचीत वरच्या आळीने खालच्या आळीला आव्हान दिलंय. आव्हान किराणा दुकानाच्या दारावर चिकटवलंय. खालच्या आळीने त्याखाली लिहिलंय, 'दोरी तुमची आणा, आमची तुटेल.'

दुकान अजून डोलिनाबाईंचंच आहे. खेळांच्या समितीत त्या खजिनदार, मी चिटणीस. मी इतिवृत्त वाचून दाखवायला लागले की त्या डोळे मिटून घेतात. परवा म्हणाल्या, "बारा वर्षांची होईपर्यंत जी पोर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बापाकडून आणि भावाकडून शिकली, तिला चिटणीस केलं की दुसरं काय होणार. मी शिंकले तेसुद्धा लिहिलंय हिने."

मी खरंच लिहिलं होतं. त्यांच्या शिंकेमुळे मतमोजणी पुन्हा करावी लागली होती.

विम्याची गंमत सांगते. एडिनबरोहून एका मुलाचा फोन आला. आवाजावरून माझ्याच वयाचा वाटला, आणि त्याने जन्मात आपले खेळ पाहिलेले नसणार.

"म्हणजे जो सर्वांत लांब फेकेल तो जिंकतो?"

म्हटलं, "नाही. लांबीचा संबंध नाही. निमुळतं टोक ओंजळीत धरून माणूस वासा उभा तोलतो, पळत जातो आणि वर उसळवतो. जाड टोक जमिनीवर आपटायला हवं, वासा त्या टोकावर उभा राहायला हवा आणि पलीकडे पडायला हवा. याला वासा उलटणं म्हणतात. आपल्याकडेच परत पडला तर उलटला नाही."

"आणि मग गुण कसे देता?"

"पळणारा सहावर उभा आहे असं धरायचं. वासा बरोबर बारावर पडला तर उत्तम."

"कसल्या बारावर?"

"घड्याळाच्या."

"मैदानात घड्याळ असतं का?"

"नाही. ते पंचाच्या डोक्यात असतं. पंच पळणाऱ्याच्या पाठीमागे उभा राहतो."

त्याने पलीकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, "बाई, डोक्यातल्या घड्याळाला माझ्या अर्जात रकाना नाही. मी 'इतर' लिहितो."

'इतर' या नावाखाली आपला विमा उतरला. डोलिनाबाई तेव्हापासून बाबांना 'इतर' म्हणतात, कारण पंच अर्थात बाबाच आहेत.

पैशांचंही मार्गी लागलंय. अर्धे एका वारसा निधीकडून मिळायचे आहेत. उरलेल्यातले बरेचसे फार्कर देताहेत, लाकडाच्या वखारीवाले. मी त्यांच्याकडे वर्गणी मागायला गेले तेव्हा तोंडपाठ केलेली दोन वाक्यं विसरले आणि नुसतीच उभी राहिले. ते म्हणाले, "एफी, तू काही बोलू नकोस. तू बोललीस तर तळटिपा देशील. किती हवेत?" आणि वर आपण होऊन जाहीर केलं की जो कोणी आपला वासा पहिल्यांदा उलटवेल त्याला वेगळे हजार पौंड.

डोलिनाबाई सभेत म्हणाल्या, "फार्कर, तुझ्या खिशातून हजार निघणं हे वासा उलटण्यापेक्षा अवघड आहे."

"म्हणून तर जो कधी उलटत नाही तोच वासा निवडला."

सगळे हसले. मीही हसले. इतिवृत्तात 'हशा' असं लिहिलं.

त्या बक्षिसाची बातमी पसरली आणि अवजड खेळांना एका आठवड्यात अकरा नावं आली, टॉर्किल. अकरा. त्यात एक आइसलँडचा आहे. त्याने पत्रात विचारलंय, वासा खरंच इतका हट्टी आहे का. डोलिनाबाईंनी त्याच्यासाठी आतापासून बटाटे-मटणाच्या पातेल्याचा अंदाज वाढवलाय.

उरलेलं उद्या लिहिते. बाबा बाहेरून आले.


बुधवार, दुपार

काल 'उरलेलं' लिहिलं खरं, पण सकाळपासून तीन वेळा कागद पुढे ओढला आणि तीन वेळा भित्तिपत्रकाची शाई वाळली का ते पाहायला उठले. भित्तिपत्रक झकास झालंय. वर पर्वत, खाली वासा, आणि मोठ्या अक्षरांत: बालकोरीचा वासा, आजवर कोणी उलटवला नाही. हे फक्त नमुन्याचं आहे. बाकीची आणि कार्यक्रमपत्रिका शुक्रवारी, १२ तारखेला छापायला जातील. त्याच दिवशी निधीलाही कागद पाठवायचे आहेत. त्यात एक पान आहे, 'परंपरेची हकीकत'. ती मी लिहिली आहे. शेवटी ओळ आहे: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. त्याखाली चिटणिसाची सही.

सही अजून केलेली नाही.

आज सकाळी बाबा आणि मी वासा कोठारातून बाहेर काढला, कीड लागली आहे का ते पाहायला. लागलेली नाही. बाबांनी त्याला तेल चोळलं. गुडघा दुखत असूनही खाली बसून, कोकराला पुसावं तसं. चोळत चोळत जाड टोकाशी आले, जिथे कापलाय तिथे, आणि हात थांबला.

"हा काप मला कधी आवडला नाही," ते म्हणाले.

"का?"

"करवत अडत होती. आपल्याकडे रीत काय? दिवसभरात कुणाकडूनच उलटला नाही तर संध्याकाळी तुकडा कापायचा, पुढच्या वर्षी जरा सोपा जावा म्हणून. पण एकदा का उलटला, की त्याला पुन्हा करवत लावायची नाही. कधीच नाही. माझ्या आजोबांनी लावली नाही, वडिलांनी लावली नाही. मी लावली. लावताना वाटत होतं, उलटलेला तर नाही ना कापत आपण."

मी विचारलं, "आणि उलटलेला असला तर, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फडक्यावर तेल ओतत म्हणाले, "तू नाही म्हणालीस ना. मग नाही."

आणि तेल लावत राहिले.


गुरुवार, पहाटे

मी हे स्वयंपाकघरात लिहितेय. बाबा मेंढ्यांकडे गेलेत, चिलटं अजून उठलेली नाहीत, बाहेर लख्ख उजेड आहे. मी ज्या स्टुलावर बसले आहे ते तू पाहिलेलं नाहीस. तू गेल्यावर त्या हिवाळ्यात बाबांनी केलं. गोल आहे, वरून वापरून गुळगुळीत झालंय. उंची एक फूट चार इंच. तू गणित शिकवायचास, बेरीज तूच कर.

तेव्हा पहिल्या दुरुस्तीत थोडी भर घालते. कार्यक्रमपत्रिकेवरून उतरवलं हे खरं आहे. पण रोज ज्याच्यावर बसते त्याच्याएवढा वासा कमी आहे हे मला ठाऊक होतं. तू काय विचारतो आहेस हेही ठाऊक होतं. अकरा वर्षांत नववर्षाच्या अकरा कार्डांवर तू 'खूप मेंढ्या, सगळं ठीक' एवढंच लिहिलंस, आणि मी खेळांचं कळवल्यावर पहिल्यांदा प्रश्न विचारलास. त्याला मी जुनी पत्रिका दाखवली.

मागच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं. 'त्या दिवशी मी खोटं बोलले नाही, हे तू कधीतरी मान्य करशील.' तेही आज दुरुस्त करायचं आहे. ते वाक्य खरं आहे, आणि तिथेच सगळी अडचण आहे. नीट सांगते, क्रमाने सांगते, कारण क्रम सोडला तर मी पुन्हा कुठेतरी लपेन.

खेळांच्या आदल्या संध्याकाळी आर्ची ड्यूगिड आपल्याकडे जेवायला होता. तोच तो, पर्थकडचा, दाढीत पाव अडकायचा तो. उन्हाळाभर गावोगावच्या खेळांतून तो बक्षिसं मारत फिरायचा. रस्सा ओरपता ओरपता बाबांना म्हणाला, "तुमच्या पोराने हा अठरा फुटी उलटवला ना, तर सोमवारी माझ्या गाडीत घालून घेऊन जातो. सगळा मोसम. परत येईल तो माझ्याएवढा होऊन."

बाबा हसले. म्हणाले, "आधी उलटवू दे."

तू चमचा खाली ठेवलास. मी पाहिलं. मी अकरा वर्षांची होते, आणि माझी शाळा, मैत्रीण, गल्ली, जे काय म्हणतात ते सगळं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून रस्सा खायचं थांबलं होतं.

सकाळी पाचला तू उठलास. मी मागोमाग आले. कुरणाच्या दगडी भिंतीशी, तुझ्या बरोब्बर पाठीमागे, मोजे दवाने भिजलेले. पहिल्या वेळी वासा तुझ्याकडेच परत आला आणि तू बाजूला उडी मारलीस. दुसऱ्या वेळी उभा राहिला, विचार केल्यासारखा थांबला आणि परत आला. तिसऱ्या वेळी तू आवाज न करता पळालास. जाड टोक जमिनीत घुसल्याचा धक्का मला भिंतीतून हाताला लागला. वासा उभा राहिला. आणि पलीकडे गेला.

तू गवतात बसलास आणि एकटाच हसत सुटलास. मग मागे वळलास, मला पाहिलंस, आणि हात वर केलास. मीही केला. हे तुला आठवतं हे मला माहीत आहे. मलाही आठवतं.

मग दुपार. सात जणांनी प्रयत्न केले, आर्चीनेही. कुणाकडूनच नाही. तुझी पाळी आली तेव्हा तुझे हात सकाळीच संपलेले होते, तुझ्याकडूनही नाही. बाबांनी करवत मागवली. आणि तू सगळ्या गावासमोर पुढे झालास.

"बाबा, करवत लावू नका. मी सकाळी उलटवलाय. सरळ बारावर पडला. एफीला विचारा, ती होती."

बाबा तुझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "एफी खोटं बोलत नाही." मग माझ्याकडे वळले. पंच म्हणूनच वळले, त्यामुळे प्रश्नही पंचाचाच विचारला.

"एफी, वासा बारावर पडलेला तू पाहिलास?"

मी म्हटलं, "नाही."

टॉर्किल, तो बारावर पडला नव्हता. साडेअकरावर पडला. समोरच्या काटेरी झुडपाच्या किंचित डावीकडे. मी पंचाच्या जागी उभी होते, तू धापा टाकत होतास, तुला बारा वाटला असेल. जे पाहिलं तेच सांग, हे मला याच टेबलाशी शिकवलं होतं, आणि मी जे पाहिलं तेच सांगितलं. एकही शब्द खोटा नव्हता. हे मी अकरा वर्षं स्वतःला म्हणत आले. रोज नाही. पण स्टुलावर बसताना बहुतेक वेळा.

बाबा मला 'उलटला का' विचारत होते. मला ते कळलं होतं. साडेअकरावरचा वासासुद्धा उलटलेलाच असतो, हे या दरीतलं तान्हं पोरही सांगेल. मला फक्त एक गोष्ट हवी होती, तू सोमवारी आर्चीच्या गाडीत बसू नयेस. तू बसला नाहीस. तू सोमवारी बसमध्ये बसलास, एकटा, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी लांब, समुद्रापार गेलास.

करवत चालू होती तेव्हा तू बाबांकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. बाबांना वाटतं तू त्यांच्यावर रागावून गेलास. ते अजून तसंच समजतात, आणि मी समजू दिलं.


गुरुवार, सकाळीच, पुढे

चहा केला, स्कोन खाल्ला. मला वाटलं होतं हे लिहून झाल्यावर मी आजारी पडेन. उलट कालपासून डोक्यात जे बेत शिजताहेत ते तुला सांगायची घाई झाली आहे.

काय होऊ शकतं ते आधी. फार्कर हजार पौंड मागे घेऊ शकतात, कारण 'पहिल्यांदा उलटवणारा' आधीच होऊन गेलाय. वारसा निधी म्हणू शकतो की ज्यांनी स्वतःचीच रीत मोडली त्यांना कशाला द्यायचे. तसं झालं तर तंबू नाहीत, रुग्णवाहिका नाही, आणि रुग्णवाहिकेशिवाय खेळ नाहीत. अकरा जणांना आणि त्या आइसलँडवाल्याला पत्रं मलाच लिहावी लागतील. चिटणीसपण जाईल, ते एक वेळ चालेल. आणि बाबांच्या तोंडून 'एफी खोटं बोलत नाही' हे वाक्य मी पुन्हा ऐकणार नाही. ते मात्र खूप जड जाणार आहे.

आता दुसरी बाजू. फार्करच्या वखारीमागे लार्चचं एक झाड पडलंय, सरळ, बिनगाठीचं. मी काल संध्याकाळी सहज म्हणून गेले आणि फीत लावली. (सहज नव्हे, मुद्दाम गेले.) त्यातून एकोणीस फुटी वासा निघतो. त्याला कुणीच कधी उलटवलेलं नाही, आणि हे शंभर टक्के खरं, कारण तो अजून झाड आहे. बक्षीस त्याच्यावर लावता येईल. आपला जुना वासा सभागृहात आडवा टांगायचा आणि त्याच्या जाड टोकाखाली हे स्टूल ठेवायचं. मधे हातभर जागा सोडायची, म्हणजे पोरं विचारतील आणि कुणीतरी सांगेल. 'परंपरेची हकीकत' मी पुन्हा लिहायला घेतली आहे. पहिल्यापेक्षा दुप्पट चांगली होतेय. पहिलीत सगळं होतं, माणूस नव्हता. आता आहे.

अर्थात हे ठरवायचं समितीने, मी नाही. मी फक्त मांडणार. आणि समितीच्या आधी बाबांना सांगणार, घरी, याच टेबलाशी. भर सभेत त्यांनी ते पहिल्यांदा ऐकावं असं दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही.

मी तुला ये म्हणत नाही. म्हणायचा मला हक्क नाही. एवढंच कळवते की २५ जुलैला शनिवार आहे, तुमच्याकडे तेव्हा लोकरीचा हंगाम मंद असतो असं मी वाचलं, आणि अवजड खेळांच्या यादीत बारावी जागा मी रिकामी ठेवली आहे. शेवटच्या दिवसापर्यंत एक जागा स्थानिकांसाठी ठेवता येते. नियम तपासला. नववा.

कार्यक्रमपत्रिकेत जुन्या वाशापुढे तुझं नाव जाईल, जाऊ दिलं तर. पण बारा म्हणून नाही. साडेअकरा म्हणून. तुला राग आला तरी चालेल. मी तिथे होते.

पत्र आत्ता, बाबा परत यायच्या आत, डोलिनाबाईंच्या दुकानातल्या टपालपेटीत टाकते. तुझ्यापर्यंत पोचायला दहा-बारा दिवस लागतात. तू हे वाचशील तेव्हा झालेलं असेल, आणि तसं झालं पाहिजे म्हणूनच आधी टाकतेय. एकदा टाकलं की माझ्याकडे 'नाही' म्हणायला जागा उरत नाही.

मेंढ्यांना माझा नमस्कार. हातांची काळजी घे.

भिंतीमागे उभी असलेली, हात वर केलेली,
तुझी
एफी

ता. क. दिवस लिहायचा राहिला, आणि तो न लिहिता पाकीट बंद केलं तर ती पुन्हा माझीच जुनी खोड. सभा सातला आहे. बाबांना सहाला सांगेन, मग स्टूल काखेत मारून सभागृहात जाईन. पुढच्या गुरुवारी, ११ जूनला.